शिकायला तयार आहोत, आधी बटनांना नावं द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत नुकताच नव्या संगणकाची सवय कशी लावून घ्यावी यावर लेख आला होता. चिन्हं हवी तशी मांडून घ्या, अक्षर मोठं करा, डोळ्यांना सोसतील असे रंग निवडा, अशा सूचना त्यात होत्या. सूचना चांगल्याच आहेत, पण माझ्या कामाची त्यातली एकही नाही. मी जन्मापासून अंध आहे आणि कार्यालयात दिवसभर संगणकावरच काम करते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्या निमित्ताने जगभर संगणक बदलले गेले. आमच्याकडेही बदलले. त्याच झपाट्यात अर्जांच्या नोंदींचं जुनं सॉफ्टवेअर गेलं आणि ब्राउझरमध्ये चालणारी नवी सिस्टीम आली. लेखात राहून गेलेली बाजू सांगावी म्हणून हे पत्र.

स्क्रीन रीडर म्हणजे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, एवढं आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. ते नेमकं काय वाचतं, हे मात्र संगणकवाल्यांनाही समजावून सांगावं लागतं. एरवी त्याला पडद्यावरच्या चित्राशी काही देणंघेणं नसतं. प्रत्येक बटनामागे, प्रत्येक चौकटीमागे प्रोग्रामने तीन गोष्टी लिहून ठेवायच्या असतात: ही वस्तू काय आहे, तिचं नाव काय आणि आत्ता ती कुठल्या अवस्थेत आहे. मला 'अर्जाचा प्रकार, कॉम्बो बॉक्स (म्हणजे उघडून निवडायची यादी), बंद' असं ऐकू येतं ते त्या लिखाणामुळे. लिहिलेलंच नसेल तर तो बिचारा नुसतं 'बटन' म्हणतो. शिवाय पाहणाऱ्याला पान एका नजरेत कळतं; मला तोच पडदा सुईच्या नेढ्यातून दोरा ओवावा तसा एकेक शब्द कानात घ्यावा लागतो. म्हणून कुठली गोष्ट कुठे आहे आणि कुठल्या कळांनी तिथे पोचायचं, याचा नकाशा आम्ही बोटांत बसवून ठेवतो. सिस्टीम बदलली की तो नकाशा रद्द होतो.

त्यानंतर जो त्रास होतो तो दोन प्रकारचा असतो, पण लोक दोन्ही एकातच धरतात. एक त्रास शिकून सुटतो. दुसरा कितीही शिका, सुटत नाही. पहिल्याबद्दल माझी काही तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकते.

अंध माणसं बदलाला बिचकतात असा एक समज आहे. विंडोजच्या आधी, डॉस या जुन्या प्रणालीच्या काळात पडदा म्हणजे बहुधा पंचवीस ओळी, दर ओळीत ऐंशी अक्षरं. सगळा मजकूरच, त्यामुळे वाचायला सोपा. विंडोजबरोबर चित्रं आणि माऊस आले तेव्हा 'आता आपलं संपलं' असं भले भले म्हणत होते. १९९५ मध्ये जॉज हा स्क्रीन रीडर विंडोजसाठी आला आणि आम्ही विंडोज शिकलो. २००९ मध्ये आयफोन ३जीएसवर व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर आला, तेव्हा जिथे बोटाला एकही कळ लागत नाही अशा गुळगुळीत काचेवर टाइप करायला शिकलो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीए लिहायला घेतला, जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला, आणि आज तो मोफत स्क्रीन रीडर जगभर चालतो. मीही तोच वापरते. ज्यांनी स्वतःची साधनं स्वतः लिहिली त्यांना नव्याची भीती वाटते म्हणणं जरा जास्तच झालं.

तर पहिला त्रास. माझ्या टेबलावर नवा संगणक आला. आयटी विभागातल्या मुलाने वायरी जोडल्या, 'मॅडम, चालू झालाय' म्हणाला आणि गेला. मी कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबलं. त्याने विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, नॅरेटर, बोलू लागतो. हूं की चूं नाही. पुन्हा तेच दाबावं, तर नॅरेटर आधीच चालू असला तर बंद होणार. म्हणजे चालू आहे की बंद हेच कळेना. झालं होतं असं, की मॉनिटर एचडीएमआय वायरने जोडलेला होता आणि विंडोजने आवाजही त्याच वायरीतून मॉनिटरकडे रवाना केला होता. मॉनिटरला स्पीकरच नव्हता. शेजारच्या टेबलावर हीच गोष्ट 'आवाज येत नाहीये, बघा जरा' एवढ्यावर भागली असती. माझ्यासाठी तो संपूर्ण संगणकच बंद होता. पर्समधला यूएसबी हेडफोन लावला, आवाज तिकडे वळला आणि नॅरेटर मधूनच एका वाक्याच्या अर्ध्यावरून बोलायला लागला. विंडोज ११ मध्ये कंट्रोल-विंडोज-व्ही दाबून आवाज कुठून यावा ते निवडता येतं, हे नंतर समजलं.

नव्या संगणकाशी पहिली भेट असेल तेव्हा वायरीचा हेडफोन जवळ ठेवा, असं मी आता ओळखीच्या प्रत्येक अंध माणसाला सांगते. ब्लूटूथचा नको. तो मधल्या शांततेत झोपतो आणि पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर गिळतो. 'अमान्य'चं 'मान्य' ऐकू येणं आमच्या कामात परवडत नाही.

कळांची अदलाबदल हा आणखी एक प्रकार. उजव्या हाताला जिथे मेनू उघडणारी ॲप्लिकेशन्सची कळ असायची, तिथे २०२४ पासूनच्या बऱ्याच नव्या कीबोर्डांवर कोपायलट या एआय सहायकाची कळ आली आहे. फाइलचं नाव बदलायला बोट सवयीने तिकडे जातं आणि समोर सहायक हजर होतो, काय मदत करू विचारायला. मेनूही पूर्वीचा राहिलेला नाही: कट, कॉपी, रिनेम वरच्या चित्रांच्या ओळीत गेले आणि जुना लांबलचक मेनू 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आड गेला. उपाय आहेत. नाव बदलायला थेट एफ २, जुन्या मेनूसाठी शिफ्ट-एफ १०. विंडोज-ए दाबलं की पूर्वी सूचना आणि झटपट सेटिंग एकाच जागी मिळायची. आता सूचनांसाठी विंडोज-एन. लॅपटॉपवर इन्सर्ट सापडत नसेल तर एनव्हीडीएला कॅप्स लॉक आपली कळ म्हणून देता येते. मुद्दा एवढाच, की यातली प्रत्येक अडचण माहिती मिळाली की मिटते. चार दिवस चिडचिड होते, मग बोटं वळतात.

आवाजाचंही तसंच. नव्या संगणकात माणसासारखे गोड आवाज आले आहेत, आणि पाहणाऱ्यांना ते ऐकून फार बरं वाटतं. 'किती छान बोलतो हो हा!' वेग वाढवला की हे गोड आवाज एकमेकांत मिसळतात. माझा जुना यंत्रासारखा किनरा आवाज शेजाऱ्यांना डास गुणगुणल्यासारखा वाटत असेल, पण त्या वेगातही त्याचं प्रत्येक अक्षर सुटं असतं. मी माझी सगळी सेटिंग पेन ड्राइव्हवर एनव्हीडीएच्या पोर्टेबल प्रतीत ठेवली होती, ती नव्या संगणकात उतरवली आणि निदान कानाला तरी ओळखीचं काही मिळालं.

आता दुसरा त्रास, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले.

जुन्या सॉफ्टवेअरचं रूप म्हणे अगदी कळाहीन होतं. पण त्यात टॅब दाबला की फोकस ठरल्या क्रमाने पुढच्या चौकटीत जायचा, ऑल्टबरोबर एक अक्षर दाबलं की नोंद जतन व्हायची, आणि झाली की तसं सांगणारी खिडकी यायची. नवी सिस्टीम देखणी आहे असं सगळे म्हणतात. तिच्या अर्जाच्या पानावर मी टॅब दाबत गेले की ऐकू येतं: 'बटन. बटन. बटन. लिंक. बटन.' यातलं एक मंजुरीचं, एक परत पाठवण्याचं, एक छपाईचं. कुठलं कुठलं ते ठरवायचं कसं? तिन्हींवर चित्रं आहेत, नाव एकावरही लिहिलेलं नाही. जन्मतारखेच्या चौकटीत आकडे टाइपच करता येत नव्हते. एक कॅलेंडर उघडायचं आणि त्यात तारखेवर माऊसनेच टिचकी मारायची. कीबोर्डचे बाण तिथे चालत नव्हते. वारसाचा प्रकार निवडायची यादी दिसते यादीसारखी, पण आतून ती नुसत्या रंगवलेल्या चौकोनांची आहे, त्यामुळे स्क्रीन रीडरला ती यादी आहे याचाच पत्ता नाही.

सगळ्यात छळणारी गोष्ट मात्र याहून लहान आहे. नोंद जतन झाली की वर कोपऱ्यात हिरवी पट्टी येते आणि काही क्षणांत विरते, असं मला सहकारी मैत्रिणीने सांगितलं. ती पट्टी स्क्रीन रीडरला कळवलीच जात नाही. त्यामुळे जतन करा दाबलं की माझ्या कानात काहीच येत नाही. झालं का? नेट गेलं का? एखादी चौकट रिकामी राहून लाल झाली का? प्रत्येक नोंदीनंतर मला बाहेर जाऊन, क्रमांक शोधून, तीच नोंद उघडून बघावी लागते. कामाचा निम्मा वेळ झालेलं काम झालंय का हे तपासण्यात जातो, आणि महिन्याच्या अहवालात मात्र 'वेग कमी' एवढीच नोंद होते. पान तयार करताना त्या पट्टीला 'हा संदेश बोलून दाखवा' अशी खूण जोडली असती तर हा सगळा खटाटोप वाचला असता. प्रोग्रामरच्या दृष्टीने ते काम फार मोठं नाही.

हे मी शिकून कसं सोडवू? नाव नसलेल्या बटनाचं नाव पाठ कसं करणार?

प्रशिक्षण झालं, तेही सांगते. सर मोठ्या पडद्यावर दाखवत होते: 'इथे क्लिक करा, मग हे निळं दिसतंय ना, त्यावर या, आणि इकडे उजवीकडे.' मी विचारलं, सर, कीबोर्डवरून कसं जायचं? ते भले गृहस्थ होते, खरोखर थबकले. म्हणाले, 'ताई, तसं कधी करून बघितलं नाही.' नंतर सगळ्यांना सरावासाठी व्हिडिओ पाठवले गेले. त्यांत बोलणं नाही, नुसतं संगीत. संगीत चांगलं होतं.

अशा वेळी दोन उत्तरं हमखास मिळतात. पहिलं: 'अहो, आम्ही आहोत ना मदतीला.' आहेत, आणि मनापासून आहेत. पण मंजुरीचं बटन माझ्या लॉगिनमधून दुसऱ्या कुणी दाबलं तर त्या नोंदीखाली नाव माझंच लागतं. उद्या चौकशी झाली तर मी काय सांगू, बटन मला सापडत नव्हतं म्हणून त्यांनी दाबलं? पासवर्ड कुणाला देऊ नका, असं परिपत्रक त्याच कार्यालयाचं. दुसरं उत्तर: 'आता एआय सांगेल की!' पडद्याचं चित्र दाखवून एआयला विचारता येतं, घरी मी विचारतेही. पण लोकांच्या अर्जांची पानं त्यांच्या नावागावासकट बाहेरच्या कुठल्या सेवेकडे पाठवणं मला पटत नाही, आणि ठामपणे चुकीचं सांगायची त्याची सवय अजून गेलेली नाही. मुळात, जे नाव प्रोग्रामरने एका ओळीत लिहायचं ते रोज एआयकडून अंदाजाने काढून घेणं हा उलटा व्यवहार झाला.

बरं, हे नियम काल-परवाचे असते तर गोष्ट वेगळी होती. संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत यासाठीची डब्ल्यूसीएजी ही मार्गदर्शक तत्त्वं १९९९ मध्ये पहिल्यांदा आली, दुसरी आवृत्ती २००८ मध्ये, २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये. सगळं काम कीबोर्डवरून करता आलं पाहिजे, बटनाला कळेल असं नाव पाहिजे, स्थितीचा संदेश ऐकू आला पाहिजे, हे सगळं त्यात आहे. अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात माहिती आणि संपर्क तंत्रज्ञान अपंगांना वापरता आलं पाहिजे, असं नवव्या कलमात लिहिलं आहे. तरी वेबएम या संस्थेने २०२५ मध्ये जगातली दहा लाख मुख्यपृष्ठं तपासली, तेव्हा ९४.८ टक्के पृष्ठांवर या तत्त्वांचा भंग सापडला, आणि तोही फक्त यंत्राला पकडता येण्याजोगा. म्हणजे आमच्या सिस्टीमचे कर्तेधर्ते काही जगावेगळे नाहीत. तेवढाच दिलासा.

माझी मागणी साधी आहे आणि ती खरेदीच्या आधीची आहे. कुठल्याही कार्यालयाने नवी सिस्टीम घेताना, सही करण्यापूर्वी, माऊस काढून बाजूला ठेवावा आणि रोजचं एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसत्या टॅब, बाण आणि एंटरवर करून बघावं. मग एनव्हीडीए चालू करून तेच पुन्हा करावं. त्याला पैसे पडत नाहीत. शक्य असेल तर स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या माणसालाच खुर्चीवर बसवावं, कारण डोळस माणूस डोळे मिटून केलेल्या तपासणीतही पडदा आठवत असतो. हे सगळं अर्ध्या दिवसाचं काम आहे. खरेदी झाल्यावर मात्र दुरुस्तीसाठी नवा करार, नवं दरपत्रक, नवी समिती; मग आमचं बटन यादीच्या तळाला जातं.

जुनी सिस्टीम एका रात्रीत बंद करू नये, हेही सांगायचं आहे. काही आठवडे दोन्ही शेजारी शेजारी चालू राहिल्या तर काम अडत नाही आणि नकाशाही तयार होतो. प्रशिक्षणाचा मजकूर कळांच्या भाषेत लिहून द्यावा, साध्या फाइलमध्ये, त्याला चित्रांची गरज नाही. पानावर शीर्षकं नीट द्यावीत: वेबएमच्याच सर्वेक्षणात ७१.६ टक्के स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी लांब पानावर माहिती शोधायला आधी शीर्षकांवरून उड्या मारतो असं सांगितलं आहे. एच ही कळ दाबली की स्क्रीन रीडर पुढच्या शीर्षकावर जातो; मीही एच दाबतच फिरते. शीर्षक म्हणून नुसतं अक्षर मोठं आणि ठळक केलं असेल तर माझा एच रिकामा जातो.

मराठीपुरतं एक वेगळं सांगायला हवं. परिपत्रकं अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात, जिथे पडद्यावर 'क' दिसतो पण आत भलतंच रोमन अक्षर असतं. स्क्रीन रीडर ते इमानदारीत वाचतो आणि कानावर निरर्थक बडबड येते. युनिकोडमध्ये लिहिलेली मराठी तो व्यवस्थित वाचतो. काही परिपत्रकं तर टाइप करून, छापून, सही-शिक्का मारून पुन्हा स्कॅन केलेली असतात, म्हणजे माझ्या दृष्टीने तो एक फोटो असतो. ई-पेपरचं पानही पुष्कळदा असंच चित्र असतं, संपादक महोदय. पुरवणीतला तो लेख मला मैत्रिणीने वाचून दाखवला.

आमच्या सिस्टीमपुरतं सांगायचं तर तक्रार लेखी दिल्यावर कंपनीचा एक प्रोग्रामर माझ्या शेजारी येऊन बसला, हेडफोनचा एक कान त्याने लावला, एक मी. जन्मतारखेची चौकट त्याने त्याच दुपारी दुरुस्त केली. आता तिथे आकडे टाइप होतात, आणि डोळस सहकारीही कॅलेंडर न उघडता तिथे टाइपच करतात, त्यांनाही तेच सोपं पडतं. हिरवी पट्टी आणि ती तीन बटनं 'पुढच्या आवृत्तीत' होतील असं लेखी उत्तर आलं आहे. पुढची आवृत्ती कधी, असं मी उलट टपाली विचारलं आहे. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

आपली,
एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)